कोरडं चाक

माझ्याकडे भविष्य विचारायला येणारी माणसं सोबत चाक घेऊन येत. टेम्पोतून उतरवलेलं, काळंकुट्ट, दोघातिघांनी गडगडत आणलेलं. ते दुकानाच्या दारात आडवं पाडायचं, घाम पुसायचा आणि विचारायचं, "अण्णा, बगा की, अजून किती दिवस काढंल ह्ये?"

उद्यमनगरात माझं लेथचं दुकान होतं. कारखान्यांच्या छपराखालून इकडून तिकडं फिरणाऱ्या ज्या ओव्हरहेड क्रेन असतात, त्यांची चाकं मी बनवत असे आणि वापरातली चाकं तपासून ती किती टिकतील हे सांगत असे. पहिल्या कामानं घर चाललं, दुसऱ्या कामानं नाव झालं. समोर लाकडी नमुने करणारा शेजारी होता. तो मला 'चाकांचा ज्योतिषी' म्हणायचा आणि गिऱ्हाईक आलं की मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "आज कुणाची साडेसाती काढली?" आमची आई, म्हणजे अव्वा, कुरुंदवाडहून आली की दुकानात खुर्ची टाकून हे सगळं ऐकत बसायची. एकदा म्हणाली, "लोखंडाचं सांगतोस, मग माणसाचं का सांगत नाहीस?" मी म्हटलं, "अव्वा, लोखंडावर ओझं किती ते मोजता येतं." तिनं मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. आता कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगायला बसलो आहे.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण वीस वर्षं संसार करून माझ्या बायकोलाही तो कळला नव्हता. चाक गोल आणि रूळ सपाट. ही दोन एकमेकांना टेकतात ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. क्रेन, तिचा गाडा, आकडा आणि आकड्याला लटकलेला माल, या सगळ्याचा भार अशा चार नखांवर असतो. चाक फिरलं की दाबाखालचं लोखंड सुटतं आणि शेजारचं दाबलं जातं. पुन्हा फेरा आला की पुन्हा दाब. तार हातात धरून इकडे-तिकडे वाकवत राहिलं की ती गरम होते आणि एका क्षणी तुटते, हे सगळ्यांनी लहानपणी केलेलं असतं. चाकाच्या कातडीचं तेच होतं, फक्त फार सावकाश. मग बारीक तडे जातात, तडे एकमेकांना मिळतात आणि एक दिवस कातडीची खपली निघते. भार किती, फेरे किती, लोखंड कडक किती, एवढं कळलं की ती खपली साधारण कधी निघेल हे सांगता येतं. साधारणच. मी छातीठोकपणे कधी बोललो नाही, पण गिऱ्हाइकाला छातीठोक उत्तरच ऐकायचं असतं, त्यामुळे माझा 'साधारण' दारातच गळून पडायचा.

लोक विचारायचे, चाक मऊ पोलादाचं का करता? कडक करा की. शिरोळकडच्या एका साखर कारखान्याचे इंजिनिअर तर हटूनच बसले होते. "बाजारात मिळतंय त्यातलं सगळ्यात कडक चाक द्या, पुन्हा तुमचं तोंड बघायला नको." मी म्हटलं, "माझं तोंड दिसणार नाही, पण रूळवाल्याचं दिसेल." कडक चाकाखाली रूळ झिजतो. चाक बदलायचं तर क्रेन अर्धा दिवस उभी राहते, रूळ बदलायचा तर कारखाना. दोघांपैकी एकानं झिजायचंच असेल तर जे बदलायला सोपं त्यानं झिजावं. शिवाय मऊ चाक सांगून जातं. त्याच्यावर आधी चट्टे दिसतात, मग खड्डे, मग आवाज बदलतो. कडक चाक पुष्कळदा काही न बोलता फुटतं. हे मी त्या इंजिनिअरांना समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि कडक चाकं दुसरीकडून नेली. असली गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. ती सगळी सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही, म्हणून एकाच चाकाची गोष्ट सांगतो. मला झोपेतसुद्धा आठवणारं ते एकच आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक फौंड्री होती. तिचं नाव सांगत नाही, मालकांना मी विलासराव म्हणेन. भट्टीतलं वितळलेलं लोखंड मोठ्या पोलादी बादलीत घ्यायचं, तिला लॅडल म्हणतात, आणि क्रेननं ती उचलून साच्यांच्या रांगेवर न्यायची, हे तिथलं रोजचं काम. त्या क्रेनची चारही चाकं माझ्या लेथवरची होती. बसवली तेव्हा विलासरावांनी विचारलं, "किती चालतील?" मी हिशेब करून सांगितलं, "दोन वर्षं चिंता नको. मग बघायला येतो."

वर्ष व्हायच्या आत फोन आला. दुपारची वेळ होती. लॅडल भरून साच्यांकडे चालली असताना क्रेनला हिसका बसला, लॅडल हेलकावली, लोखंड सांडलं आणि खाली उभ्या असलेल्या निवृत्तीच्या बुटात गेलं. निवृत्ती हा तिथला जुना मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे घालून त्यात ओतकाम करून घेणारा माणूस. उचगावचा. त्याला दवाखान्यात नेलं होतं. पायाची दोन बोटं काढावी लागली.

मी गेलो तेव्हा फौंड्री बंद होती. जमिनीवर सांडलेलं लोखंड थिजून पडलेलं होतं, पसरट, मधोमध बुटाच्या आकाराची मोकळी जागा. मला तिकडं बघवलं नाही. मी वर बघितलं. क्रेनची केबिन रिकामी होती.

"दस्तगीरला घरी बसवलाय," विलासराव म्हणाले. "हिसका मारला त्यानं. खालच्या सगळ्यांनी बघितलाय."

दस्तगीर हा क्रेन चालवणारा. कबनूरचा, मागावर काम करणाऱ्या घरातला. पावरलूमचा खडखडाट नको म्हणून तरुणपणी इकडं आलेला आणि क्रेनच्या केबिनमध्ये बसून बसून मुकाट झालेला. त्याची क्रेन चालवणं मी पाहिलं होतं. भरलेली लॅडल तो अशी न्यायचा की वरची साय हलू नये. मी म्हटलं, "दस्तगीर हिसका मारणारा माणूस नाही हो."

"मग हिसका आला कुठनं?"

"चाक बघूया."

"चाक बघितलंय. त्याचा टवका उडालाय. जोरात ब्रेक मारला तर उडणारच की." मग ते म्हणाले, "आणि तुम्हीच सांगितलंतं न्हवं, दोन वर्षं काय होत न्हाय म्हणून? तुमच्याच शब्दावर मी त्येला घरी बसवलाय. चाक चांगलं हाय म्हटल्यावर ऱ्हातो कोण? चालवणारा."

माझं भविष्य खरं मानायचं तर दस्तगीर दोषी होता. प्रश्न एवढाच होता, की आधी हिसका बसला आणि त्यानं चाक फुटलं, की आधी चाक फुटलं आणि त्यानं हिसका बसला. एवढ्यावर एका माणसाची केबिन अडकली होती, आणि केबिनपेक्षा मोठं म्हणजे त्याचं नाव. शिरोलीत एखाद्याच्या हातून लॅडल सांडली असं झालं की त्याला दुसरी कुठली फौंड्री आपल्या क्रेनवर बसवत नाही.

चारही चाकं काढून मी दुकानात आणली.

क्रेनच्या चार चाकांपैकी दोन मोटरला जोडलेली असतात. ती क्रेन ओढतात. उरलेली दोन मोकळी, नुसती सोबत फिरतात. भार चौघांवर सारखाच, पण ओढणाऱ्यांना जास्त कष्ट, त्यामुळे आधी खराब होतात ती ओढणारी. माझ्या सगळ्या आयुष्यात हेच दिसलं होतं. इथं उलटं झालेलं. ओढणाऱ्या चाकांवर तुरळक बारीक खड्डे होते, मोकळ्या चाकांची मात्र पार दशा झाली होती. एकाचा तळहाताएवढा टवका गेलेला, दुसऱ्यावर तड्यांची जाळी. लोखंड तपासलं. गोळी दाबून कडकपणा बघितला. चौघांत काही फरक नाही. एकाच सळईतनं कापलेली भावंडं, आणि त्यातली दोन म्हातारी झालेली.

टवका उडाला होता त्या जागेवर मी भिंग धरलं. लोखंड ताजं तुटलं तर आतला भाग चकाकतो. इथं चकाकणारा भाग कडेला नखभर होता, बाकी सगळं काळं. म्हणजे तडा कित्येक महिने आत आत जात होता आणि त्या दुपारी फक्त शेवटचा धागा तुटला. हिसक्यानं चाक फुटलं नव्हतं. फुटलेल्या चाकानं हिसका दिला होता. दस्तगीर सुटला.

इथंच थांबलो असतो तर माझी रात्रीची झोप वाचली असती. पण तडा का वाढला, हे मला कळत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत नवीन चाकं कुठल्या तोंडानं द्यायची? त्यांच्याखालूनही लॅडलच जाणार होती आणि लॅडलखाली माणसं उभी राहणार होती. दुसरं मोकळं चाक मी उभं केलं आणि गॅसच्या बारीक ज्योतीनं जरासं तापवलं. लोखंड हाताला ऊन लागायला लागलं तसे तड्यांच्या रेघांवर बारीक थेंब उभे राहिले. चाकाला घाम यावा तसे. बोटावर घेतलं, वास घेतला. पातळ, जवळजवळ बिनरंगी तेल. बेअरिंगचं ग्रीस नव्हे, गिअरबॉक्सचं जाड तेल नव्हे. फौंड्रीत असलं तेल कुणी वापरत नाही.

आता तेलानं काय होतं ते सांगतो, कारण इथं सगळ्यांची समजूत उलटी असते. तेल म्हणजे यंत्राची सेवा, असं आपण धरून चालतो. बेअरिंगला, गिअरला, साखळीला ते खरंच आहे. रुळावरच्या मऊ चाकाला ते लागू नाही. कोरडं चाक चालता चालता झिजतं. त्याच्या कातडीवर बारीक तडे पडतात, पण ते खोल जायच्या आत ती कातडीच झिजून जाते आणि तड्याला वाढायला अवसर मिळत नाही. चाक बारीक होत जातं, पण धड राहतं. अशा चाकावर, तडे पडल्यानंतर, तेल पडलं की ते तड्यात शिरतं. वरून चाकाचा भार येतो आणि तड्याचं तोंड मिटतं. आतल्या तेलाला बाहेर यायला वाट नाही. दुधाच्या पिशवीचं कापलेलं तोंड मुठीत आवळून तिच्यावर पाय दिला तर दूध कुठं जाईल? शिवण उसवून जाईल. तेलही तसंच तडा उसवत पुढं जातं, दर फेऱ्याला थोडं. वर झीजही होत नाही, कारण वर तेल आहे. म्हणजे तड्याला खाणारी झीज थांबली आणि तड्याला वाढवणारा आत बसला. नुसत्या कोरड्यापेक्षा आणि नुसत्या तेलातल्यापेक्षा, काही दिवस कोरडं आणि मग तेल, हे चाकाला सगळ्यात वाईट. हे सगळं मी वाचलेलं होतं. कुणी मुद्दाम तसं करत असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

दस्तगीरला भेटायला मी कबनूरला गेलो. त्याच्या भावाच्या शेडमध्ये माग चालू होते आणि त्या खडखडाटात तो एका मागापाशी उभा होता. ज्याला कंटाळून गेला होता तिथंच परत येऊन. मला बघून त्यानं हातातलं तेलाचं नळीचं डबडं खाली ठेवलं आणि माझ्या नाकाला तोच वास आला.

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. त्याच्या बायकोनं चहा आणला. मी म्हटलं, "दस्तगीर, तू हिसका मारला नाहीस. चाक आधीच फुटत आलेलं होतं."

"मी पैल्या दिवसापास्नं त्येच सांगतोय, अण्णा. खालनं दणका आला. पण ऐकतंय कोण."

"आता ऐकतील. एक विचारायचंय. चाकाला तेल लावत होतास का?"

त्याचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत कुणीतरी कामाचं विचारलं होतं. "लावतोय की. सोमवारची सुट्टी आसती, तर आयतवारी काम संपलं की वर चढून चाकं पुसायची आणि त्येल लावायचं. ह्ये आमचं मागाचं त्येल, हितनं न्हेतो. नवी चाकं आली तवापास्नं एक आठवडा चुकवला न्हाय. आमच्यात सुकं यंत्र ठेवत न्हाईत, अण्णा. बाप म्हणायचा, सुका माग म्हंजे उपाशी ढोर."

"चारही चाकांना?"

"न्हाय, मोकळ्या दोनच. ओढत्या चाकांना लावलं की गाडी घसरतीय, जाग्यावर थांबत न्हाय. एकदा लावून बघितलंतं."

सगळं जुळलं: आठवड्याच्या सुरुवातीला तेल, ते उडालं की आयतवारपर्यंत कोरडं, आणि मग पुन्हा तेल. आणि ते जुळल्याचा मला जराही आनंद झाला नाही. मी चहाचा कप हातात धरून बसलो. तेलाबद्दल पुढं काही न सांगता मी तिथून उठू शकत होतो. मालकांना सांगायचं, तडा जुना होता, दस्तगीरचा दोष नाही. तो परत केबिनमध्ये गेला असता. आणि पुढच्या आयतवारी डबडं घेऊन वर चढला असता, नव्या चाकांची सेवा करायला.

मी त्याला सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, दुधाच्या पिशवीसकट. आतले माग चालू होते. शेवटी त्यानं विचारलं, "म्हंजे निवृत्तीचा पाय म्या जाळला?"

"तेलानं तडा वाढला. तुला ठाऊक नव्हतं."

"मला ठावं न्हवतं, पर हात माझाच हुता न्हवं?"

खोटं समाधान मला करता येत नाही, बायको त्याला माझा आडमुठेपणा म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फौंड्रीत गेलो तर तो माझ्या आधी येऊन दाराशी उभा होता. त्यानं मला बोलूच दिलं नाही. विलासरावांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मालक, हिसका मी मारला न्हाय. पर चाक माझ्यानंच गेलं. मी त्येल लावत हुतो." विलासराव माझ्याकडे बघायला लागले. मग मला सगळं पुन्हा समजावून सांगावं लागलं. त्यांना ते पटायला वेळ लागला. "त्येल लावून चाक फुटतं? उद्या म्हणाल, जेवून माणूस मरतो." पण फुटका तुकडा त्यांच्या टेबलावर होता, काळा आणि कडेला नखभर चकाकणारा. तो हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"मग आता काय करायचं?" ते म्हणाले. "दुसरा माणूस बघून ठेवलाय मी."

"त्येलाच बसवा," दस्तगीर म्हणाला. "मी वर चढणार न्हाय. मला खाली वाळू चाळायला द्या न्हाईतर घरी जातो."

मला वाटलं, संपलं. मी ज्याला सोडवायला गेलो होतो त्यानं स्वतःलाच शिक्षा सांगितली होती, आणि मालकांना ती सोयीची होती.

नव्या चाकांवर क्रेन उभी राहिली तरी निवृत्तीचा पाय बरा व्हायचा होता. चाकं बसवताना मी तिथंच होतो. दस्तगीर खाली वाळूच्या ढिगाशी, मान वर न करता. एक दिवस निवृत्ती आला. काठी टेकत, पायाला पट्टी, मुलाच्या मोटारसायकलवरून. हजेरीपुरता आला होता. लोक भोवती जमले. दस्तगीर जागचा हलला नाही. निवृत्तीच त्याच्याकडे चालत गेला, वाळूतून, काठी रुतत होती तरी.

दस्तगीरनं त्याला सगळं सांगितलं. कशानं झालं, कुणाच्या हातानं झालं. मी लांब होतो, शब्द ऐकू आले नाहीत, फक्त त्याच्या हाताची खूण दिसली, चाक पुसल्यासारखी. निवृत्ती ऐकत होता आणि पायाच्या पट्टीकडे बघत होता. मग तो वळून विलासरावांकडं आला.

"मालक, वर कोण बसणार हाय?"

विलासरावांनी नव्या माणसाकडं बोट केलं. तो बिचारा दोन दिवसांपूर्वीच आलेला, काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं.

"त्येला दुसरीकडं द्या काम," निवृत्ती म्हणाला. "दस्तगीर वर नसंल तर मी पुन्यांदा साच्याम्होरं उभा ऱ्हाणार न्हाय."

"अरे, त्येच्यामुळंच तुझा..."

"व्हय. ठावं हाय. आत्ताच त्येनं सांगितलं की." निवृत्ती काठीवर रेलला. "चुकलं त्ये तोंडावर येऊन सांगणारा माणूस डोस्क्यावर आसलेला बरा. ह्या पावण्याचं मला काय ठावं?"

विलासराव चांगल्या घरचे होते, पण हट्टी. त्यांचा हट्ट मोडताना मी तेव्हाच एकदा पाहिला. त्यांनी दस्तगीरला हाक मारली आणि वर बोट दाखवलं. दस्तगीर तरीही उभाच. निवृत्ती परत त्याच्याकडं वळून म्हणाला, "जा की रं. माझ्यानं पुन्हा तिकडवर चालवत न्हाय." तेव्हा दस्तगीरनं हातातलं फावडं ठेवलं, शिडीपाशी गेला आणि चढला. शिडीच्या मध्यावर तो थोडा थांबला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भट्टीच्या धगीमुळं आलं असं मी शेजारच्याला सांगितलं.

निवृत्ती काही महिन्यांनी कामावर आला. बूट एका बाजूला कापसानं भरून घालायचा आणि जरा लंगडायचा. ते लंगडणं शेवटपर्यंत राहिलं.

दस्तगीरनं आयतवारचा नेम सोडला नाही. काम संपलं की वर चढायचा आणि चारही चाकं कोरड्या फडक्यानं पुसायचा. तेलाचा थेंब कुठून गळून चाकावर आला असेल तर तो टिपून घ्यायचा. फौंड्रीत अमावास्येला यंत्रांना नारळ फोडायचे, तेव्हा कुणी हौसेनं चाकाला तेल-शेंदूर लावायला गेलं की हा वरून ओरडायचा. मी चाकं बघायला गेलो की माझ्या आधी त्यानं बघितलेली असायची. "अण्णा, चट्टा न्हाय. नुसतं झिजतंय." झिजतंय हे तो असं सांगायचा, जसं घरातली पोरं शाळेत जातायत म्हणून सांगावं.

पुढे माझ्या कामात मी एक गोष्ट केली. नवीन चाकाचा हिशेब करायच्या आधी मी क्रेन चालवणाऱ्याशी बोलायला लागलो. तू चाकाला काय करतोस, असं विचारायचो. एकजण रुळाला पाणी मारायचा, धूळ बसावी म्हणून. एकानं उरलेलं खोबरेल लावलं होतं. भार, फेरे आणि कडकपणा यांच्या जोडीला हे विचारल्याशिवाय मी कुणाला भविष्य सांगितलं नाही, आणि त्यानंतर माझी भविष्यं बऱ्यापैकी खरी व्हायला लागली. निवृत्तीच्या पायाआधी हे सुचलं असतं तर, हा विचार अजून येतो.

आता शेवटचं. दोन हजार सालानंतर बरीच वर्षं गेली होती आणि मी दुकान आवरायच्या विचारात होतो. एक दिवस दारात टेम्पो थांबला. टेम्पोत क्रेनचं एक चाक आणि चाकाशेजारी दस्तगीर. त्याला निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते, दाढी पांढरी, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फौंड्रीवाल्यांनी चाकं बदलली तेव्हा जुन्यातलं एक त्यानं मागून घेतलं होतं.

"तुमाला दाखवाय आणलंय," तो म्हणाला.

आम्ही ते उतरवून दाराशी ठेवलं. मी बोट फिरवलं, मग भिंग धरलं. कुठं खड्डा नाही, कुठं तडा नाही. मूळच्या मापापेक्षा कितीतरी बारीक झालेलं, सगळीकडून सारखं, हात फिरवला तर गुळगुळीत. मी दिलेल्या मुदतीच्या पुढं किती तरी चाललेलं. माझ्या सगळ्या धंद्यात असं चाक मी एक-दोनदाच पाहिलं.

"झिजून गेलं, फुटलं नाही," मी म्हटलं.

"म्हंजे नीट ग्येलं?"

"नीट गेलं, दस्तगीर."

त्यानं मान हलवली. चाकाशेजारी उकिडवा बसला आणि त्याच्यावर तळहात ठेवून राहिला. समोरच्या दुकानात करवत चालू होती, ती थांबली तरी तो बसूनच होता. मग त्यानं वर बघून विचारलं,

"आता ह्ये कुठं चालणार न्हाय न्हवं?"

"नाही. आता कुठंच नाही."

"मग आता लावू का, अण्णा, थोडं त्येल?"

मी आत गेलो, लेथजवळचं तेलाचं डबडं घेतलं आणि त्याच्या हातात दिलं.